सोजरची काकडी

मालनबाईंच्या हातचं काही खाऊन तुम्ही नुसतं "छान झालंय" म्हणालात, की तुमची खैर नसायची. "छान झालंय ते कळलं मला. कुणाचं आहे ते विचारा की!" असं त्या फाडकन म्हणायच्या. समोरचा माणूस हातातला घास तसाच धरून मुकाट्यानं विचारायचा, "कुणाचं?" मग बसा ऐकत. हे डाळीचं वाटण परभणीच्या एका मास्तरांच्या बायकोचं. ही भाकरी थापायची तऱ्हा बिलोलीकडच्या एका सुईणीची. खिचडीला हा असा तडका नांदेडला त्यांच्या घराशेजारी राहणाऱ्या जैनबबींचा, आणि जैनबबींना तो हैदराबादच्या सासूनं दिलेला. तोवर खिचडी गार. मी एकदा वैतागून म्हटलंही, "मालनबाई, अहो भूक लागलीय, खिचडीचा वंश काय करायचाय?" तर त्यांनी माझ्या ताटातली खिचडी परत पातेल्यात ओतली, गरम केली, पुन्हा वाढली आणि राहिलेला वंश सांगून पूर्ण केला.

लातूरच्या ज्या मुलींच्या शाळेत मी गणित शिकवायचे, तिथं त्या गृहविज्ञान शिकवायच्या. माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या. उंच, काळ्यासावळ्या, सुती पातळ घट्ट नेसलेल्या, आणि आवाज असा की पलीकडच्या तिसऱ्या खोलीतल्या पोरींनीही आपोआप पाठ ताठ करावी. लग्न केलं नव्हतं. का नाही, हे विचारायची शाळेत कुणाची टाप नव्हती. मूळच्या नांदेडच्या, वडील रेल्वेत, त्यामुळं लहानपण काही नांदेडला आणि काही पूर्णा जंक्शनच्या रेल्वे कॉलनीत गेलेलं. बोलण्यात मधूनच नांदेडी उर्दू डोकवायची. पोरींनी गोंधळ केला की "ये क्या तमाशा लावलाय गं?" आणि एखादीचं काम पसंत पडलं की "बेश!" या "बेश"साठी पोरी जीव टाकायच्या.

त्यांच्या वर्गाचा एक कायदा होता. पदार्थ सांगायचा तर आधी नाव सांगायचं. मुलगी उभी राहून म्हणायची, "बाई, शेंगदाण्याची चटणी." बाई नुसत्या बघत राहायच्या. मग मुलगी घाबरून म्हणायची, "माझ्या मोठ्या आईची, बाई. तिला तिच्या वहिनीनं शिकवली." "बस. आता कृती सांग." नाव आठवत नसेल तर घरी जाऊन विचारून यायचं, तोवर मार्क नाही. एकीनं डोकं चालवलं आणि "माझी स्वतःची आहे बाई" म्हणाली. त्यावर अख्ख्या वर्गासमोर बाई म्हणाल्या, "अगोबाई! जन्मल्या जन्मल्या कांदा चिरलास का गं?"

कृती मात्र त्या कुणाला लिहून घेऊ द्यायच्या नाहीत. मला याचं नवल वाटायचं. मी गणिताची, मला सगळं फळ्यावर लागतं. त्या म्हणायच्या, "इंदू, लिहून घेणारी बाई गूळ किती ते लिहिते, मीठ किती ते लिहिते. दिलं कुणी ते लिहीत नाही. तोंडानं सांगितलं की निदान कुणी सांगितलं ते तरी लक्षात राहतं." एकदा वरून तपासणीला साहेब आले होते. त्यांना मुलींनी पिठलं-भाकरी वाढली. साहेब खूश. "वा बाई, उत्तम केलंत!" बाई म्हणाल्या, "मी नाही केलं." "बरं, मुलींनी उत्तम केलं." "त्यांनीही नाही केलं. त्यांनी फक्त शिजवलं." मग साहेबांना पिठल्याची सगळी कुळकथा ऐकावी लागली, आणि आमच्या मुख्याध्यापकांच्या कपाळाला घाम फुटला. साहेब जाताना मला हळूच म्हणाले, "त्या बाई जरा हट्टी दिसतात." म्हटलं, "दिसतात नाही साहेब, आहेत."

या सगळ्यात एक पदार्थ असा होता की ज्याचं नाव त्या न विचारता सांगायच्या. काकडीचं गोड लोणचं. दिसायला काळपट, तोंडात टाकलं की आधी गूळ, मग चिंच, मग लवंग-दालचिनी, आणि सगळं गिळून झाल्यावर मागून हळूच धर्माबादची मिरची. फोड कुरकुरीत. वाढतानाच म्हणायच्या, "सोजरची काकडी." नव्या माणसानं विचारलं, "सोजर कोण?" की त्यांचा चेहरा एकदम मऊ व्हायचा. एरवी तो कधी मऊ झालेला मी पाहिला नाही.

सोजर म्हणजे त्यांच्या पहिल्या नोकरीच्या गावची. किल्लारीच्या अलीकडं एक लहानसं गाव, आमच्याच संस्थेची तिथं शाळा होती. तरुणपणी मालनबाईंना तिथं टाकलं होतं. एकटी बाई, गावात राहणार कुठं? तर एका शेतकऱ्याच्या घरातली पुढची खोली मिळाली. त्या घरात नुकतीच लग्न होऊन आलेली सून म्हणजे सोजर. ती शाळेत फार गेलेली नव्हती आणि यांना भाकरी थापता यायची नाही. दोघींचं जमलं. मालनबाई सांगायच्या, "मला चूल पेटवायला तिनं शिकवलं, इंदू. मी गृहविज्ञानाची पदवी घेऊन गेले होते आणि फुंकणी उलटी धरत होते."

लोणच्याची गोष्ट अशी. पूर्णेच्या रेल्वे कॉलनीत एका गार्डची बायको होती, रोझीबाई. ती काचेच्या बरणीत सिरका, साखर, लवंग, दालचिनी घालून काकडी मुरवायची. लहानग्या मालनला तिनं ती चोरून चाखायला दिली होती. चोरून, कारण मालनच्या आजीच्या मते सिरका म्हणजे दारूचा सख्खा भाऊ. ती चव यांच्या जिभेवर राहून गेलेली. एका दुपारी त्यांनी ती सोजरला सांगितली. सोजर म्हणाली, "करून बघू की बाई, काय व्हतंय." आता त्या गावात सिरका कुठला? सोजरनं चिंच भिजत घातली. साखर मोजूनमापून यायची, घरात गुळाची ढेप होती, ती फोडली. काकडी मिठात दाबून ठेवली, तिचं पाणी काढलं, आणि फोडी बाजेवर जुन्या लुगड्याच्या धडप्यावर पसरून त्यांना एक ऊन दाखवलं. हे ऊन दाखवणं रोझीबाईकडं नव्हतं. फोड कुरकुरीत राहते ती त्यानं. मोहरी जात्यावर भरडून घातली. मिरची मालनबाईंनी नांदेडच्या घरून आणलेली. झालं लोणचं. सोजरच्या सासूनं खाल्लं आणि विचारलं, "ह्ये कुठलं इंग्रजी खाणं गं?" पण संध्याकाळी भाकरीबरोबर परत मागितलं.

पुढं मालनबाईंची बदली लातूरला झाली. सोजर बाजाराच्या दिवशी कधीमधी यायची, नंतर कडेवर मुलगी घेऊन यायची. मीही तिला शाळेच्या फाटकात उभी असलेली पाहिलेली आहे, पण ओझरती. शाळा सुटेपर्यंत उभी राहायची, आत यायला लाजायची. मालनबाई पर्स सांभाळत जवळजवळ पळत जायच्या.

मग भूकंप झाला. गणपतींचं विसर्जन नुकतंच झालं होतं. त्या पहाटे लातूरही हललं, आम्ही सगळे रस्त्यावर आलो, आणि उजाडता उजाडता बातम्या यायला लागल्या. शाळेच्या मुलींनी घराघरांतून भाकऱ्या जमवल्या, त्या घेऊन मालनबाई टेम्पोत बसून गेल्या. मी बरोबर होते. त्या गावाबद्दल मी फार लिहिणार नाही. दगडमातीची घरं होती, ती जागेवरच बसली होती, आणि कुठलं घर कुठं होतं हे गावातल्याच माणसाला विचारावं लागत होतं. मालनबाईंना विचारावं लागलं नाही. त्या सरळ एका ढिगापाशी जाऊन उभ्या राहिल्या. सोजर, तिचा नवरा, सासू, तिघं गेलेली. मुलगी तेवढी वाचली होती, कारण ती गणपतीला मामाकडं देगलूरकडच्या गावी गेली होती.

परत येताना टेम्पोत मालनबाई एकच वाक्य बोलल्या. "तिचं आता काय राहिलं?" मला वाटलं त्या घराबद्दल म्हणतायत. नंतर कळलं, त्या लोणच्याबद्दल म्हणत होत्या. म्हणजे सोजरबद्दलच. कारण तेव्हापासून या बाईनं एकच ध्यास घेतला. ही काकडी सोजरच्या लेकीच्या हाती द्यायची. नुसती कृती नाही, नाव घेऊन. "हे तुझ्या आईचं" असं म्हणून. लोकांनी घरं दिली, भांडी दिली, पत्रे दिले. यांच्याकडं द्यायला हे होतं, आणि ते दिल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं.

त्या देगलूरला गेल्याही. मुलीचा मामा, व्यंकटराव, सज्जन माणूस. त्यानं अंगणात खुर्ची टाकली, चहा दिला, आणि हात जोडून म्हणाला, "बाई, तुमी आलात, लई बरं वाटलं. पण लेकरापुढं तिच्या आईचं नाव काढू नका. आमी कुणीच काढत न्हाई. नाव काढलं की दोन-दोन दिस जेवत न्हाई ती." मालनबाई चहा पिऊन परत आल्या. मुलगी त्यांना भेटलीसुद्धा नाही, परसात खेळत होती म्हणे. लांबून पाहिली.

"मोठी होऊ दे," मला म्हणाल्या. "मी थांबेन."

थांबणं या बाईला जमायचं नाही, हे शाळेतल्या शिपायालाही माहीत होतं. पण थांबल्या.

मधल्या काळात लातूर बदललं. बोर्डाच्या यादीत लातूरची मुलं वर चमकायला लागली आणि सगळ्या मराठवाड्यातून, पुढं तर त्याच्याही पलीकडून, आईबाप लेकरांना घेऊन यायला लागले. गल्लीगल्लीत शिकवण्या. रेणापूरहून भाजी घेऊन येणाऱ्या बायकासुद्धा "फिजिक्सवाले सर कुठं राहतात" ते सांगायच्या. माझी चांदी झाली, खोटं कशाला बोलू. गणितवाल्यांना दिवस आले. आणि मालनबाईंचे तास गेले. आधी आठवड्यातला एक, मग दुसरा, मग त्यांची स्वयंपाकाची खोली सराव परीक्षेला दिली. ओट्यावर फळी टाकून मुली पेपर सोडवायला लागल्या. त्याच ओट्यावर माझ्याच विषयाचे पेपर. मला फार वाईट वाटलं. मालनबाई म्हणाल्या, "तू कशाला तोंड पाडतेस? पोटाचं कुणी शिकवायचं नसेल तर नसू दे. पोट तर राहणारच आहे ना पोरींना?"

आणि त्यांनी वेळेआधी निवृत्ती घेऊन मेस काढली. शिकवणीच्या भागात दोन मजली घर भाड्यानं घेतलं, फक्त मुलींसाठी, खाली जेवण आणि वर राहायच्या खोल्या. लातूरात मेस म्हणजे पाण्यासारखी डाळ आणि रबरासारखी पोळी, असा तेव्हा नियमच होता. मालनबाईंकडं मात्र जेवणाबरोबर वंशावळ मिळायची. बारावीच्या पोरी, डोक्यात सूत्रं गरगरत असलेल्या, ताटावर बसल्या की एका सुरात विचारायच्या, "काकू, आजचं कुणाचं?" थट्टाच करायच्या. पण महिन्याभरात त्यांना घरून आलेल्या डब्यातल्या चिवड्याचंही "कुणाचं" सांगता यायला लागायचं. टँकरची वाट बघत बादल्यांच्या रांगेत उभं राहतानाही त्यांच्या या गप्पा मी ऐकलेल्या आहेत. मीही रोज दुपारी तिथंच जेवायचे.

काकडीचा बोलबाला इतका झाला की एक मसाल्यांचा व्यापारी चालून आला. बाटल्या भरून विकू म्हणाला, "मालनबाईंचं गोड लोणचं" असं झकास नाव देऊ, तुमचा फोटो टाकू. बाई म्हणाल्या, "नाव सोजरचं टाका." त्याला काही कळेना. "पण सोजर म्हणजे कोण? गिऱ्हाईक विचारील की."

"विचारू दे की! त्यासाठीच तर टाकायचं."

"असं धंद्यात चालत नसतं बाई."

"मग नका चालवू. काकडी खा आणि घरी जा." त्याला ताट वाढलं, पोटभर जेवू घातलं आणि घालवून दिलं.

आणि मग एका जूनमध्ये व्यंकटराव दारात. बरोबर पत्र्याची पेटी, गादीची वळकटी आणि उंच, सडपातळ, दोन वेण्या घातलेली मुलगी. वैशाली. दहावीला चांगले मार्क पडले होते, आता अकरावी-बारावी लातूरला. व्यंकटरावांनी मुलीला वर खोली बघायला पाठवलं आणि खाली उभ्या उभ्या मालनबाईंना म्हणाले, "तुमच्यावरच विश्वास हाय म्हणून हितं आणली. पण बाई, तेवढं आईचं... अभ्यासाची दोन वर्सं हायत. मन मोडलं तर सगळंच बसंल."

मालनबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "नाही काढणार."

बघा आता पंचाईत. ज्या मुलीची वाट बघत ही बाई इतकी वर्षं बसली, ती रोज समोर ताटावर. आणि तिला तेवढंच सांगायचं नाही. पहिल्या आठवड्यात काकडी वाढली तेव्हा सवयीनं एका पोरीनं विचारलं, "काकू, हे कुणाचं?" मी समोरच बसले होते. मालनबाईंच्या हातात वाटी होती. म्हणाल्या, "असंच. काकडीचं." पोरी चकित. "अय्या, काकू विसरल्या!" मालनबाई आत निघून गेल्या. मी मागून गेले, तर ओट्याला टेकून उभ्या होत्या, हात पुसायचं फडकं नुसतंच चुरगाळत. मला म्हणाल्या, "जिचं तिलाच बिननावाचं वाढलं मी. तिच्या पोटच्या पोरीला." मी म्हटलं, "मग सांगून टाका." "शब्द दिलाय." शब्द म्हणजे शब्द, त्यात इंदूचं काही चालत नाही.

वैशाली शांत पोर. गणितात हुशार, माझ्याच शिकवणीला होती म्हणून सांगते. जेवायची नीट, बोलायची कमी. काकडी मात्र कधी आपणहून मागायची नाही आणि ताटात कधी टाकायची नाही. शेवटी खायची, सगळ्यात शेवटी, एकेक फोड. मालनबाई दारातून बघायच्या. मला तर बाई ते बघवायचं नाही.

वर्ष तसंच गेलं. दुसऱ्या वर्षी पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं तेव्हा काकडी घालायचा घाट घातला. रविवार होता. मुली चाचणीला गेल्या होत्या, वैशालीला बरं नव्हतं म्हणून ती राहिली होती. मालनबाई आणि मी गच्चीवर बाजेवर धडपा पसरून फोडी मांडत होतो. ती वर आली. न विचारता खाली बसली आणि फोडी मांडायला लागली. एकावर एक नाही, अंतर ठेवून. मालनबाईंनी तसं तिला सांगितलं नव्हतं.

"कुठं शिकलीस गं?" मी विचारलं.

ती मांडतच राहिली. मग म्हणाली, "ही मालनबाईची काकडी ना?"

मालनबाईंचा हात थांबला. "काय म्हणालीस?"

"मालनबाईची काकडी. आई असंच म्हणायची. आज्जी विचारायची, काय करायलीस उन्हात? तर आई म्हणायची, मालनबाईच्या काकडीला ऊन दाखवायलेय."

आईचा शब्द तिच्याच तोंडून निघाला होता. मला वाटलं, आता मालनबाई रडतील. कसल्या रडतात! ताडकन उभ्या राहिल्या. "खोटं आहे ते! सपशेल खोटं! तुझ्या आईनं खोटं सांगितलं! गूळ तिचा. चिंच तिची. ऊन दाखवायची अक्कल तिची. माझं काय होतं गं त्यात? लवंग आणि दालचिनी, तीसुद्धा रोझीबाईची! मी बारा गावच्या लोकांना सांगतेय सोजरची काकडी, सोजरची काकडी, आणि ही बया तिकडं चुलीपाशी बसून माझं नाव सांगत होती!"

भांडणच ते. ज्या बाईला जाऊन इतकी वर्षं झाली, तिच्याशी गच्चीवर उभं राहून भांडण. मला हसू फुटलं. वैशालीही हसली, तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आणि मग मालनबाई बाजेच्या कडेला बसल्या. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी पुसलं नाही, हाताला मीठ होतं.

जरा वेळानं म्हणाल्या, "मी मालनबाई, हे तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. ह्या मॅडम तुमाला हाक मारतेत की."

"आणि वर्षभर बोलली नाहीस?"

"मामा म्हणाले होते, काकूंपुढं आईचं काढू नको. त्यांना सोसत न्हाई म्हणून."

"मला सोसत नाही?" मालनबाई ओरडल्याच. "तुझ्या मामानं मला सांगितलं, तुला सोसत नाही!"

व्यंकटराव बिचारे. इतका भला माणूस, दोघींना जपायला गेला आणि दोघींच्या तोंडाला कुलूप घालून बसला. आमच्याकडं माया करायची रीतच अशी. गेलेल्या माणसाचं नाव घरातून उचलून ठेवतात आणि वाटतं, झालं, आता लेकराला दुखणार नाही.

मालनबाई पुढं बरीच वर्षं जगल्या. गुडघ्यांनी अगदीच धरलं तेव्हा मेस बंद करून नांदेडला भावाकडं गेल्या, आणि तिथंच गेल्या. वैशाली इंजिनीअरिंगला नांदेडलाच विष्णुपुरीला होती तेव्हा दर रविवारी त्यांच्याकडं जायची. मला बातमी उशिरा कळली, अखेरचं बघणं झालं नाही. त्यामुळं मालनबाई म्हटलं की मला त्या दिसतात त्या त्याच दुपारच्या, गच्चीवरच्या.

रडू ओसरल्यावर त्या एकदम बाई झाल्या. शाळेतल्या. पदर सावरून म्हणाल्या, "बरं. आता नीट ऐक. चिंच किती, गूळ किती, सगळं सांगते. आणि तुझ्या आईनं काय काय केलं ते एकेक सांगते. हे तुझं आहे, मला कधीचं द्यायचंय."

वैशाली म्हणाली, "लोणचं मला येतं काकू. आठवतं. चुलीपाशी बसून रोज बघायचे." आणि थांबली. "दुसरं विचारू?"

"विचार की."

"आई चालायची कशी?"

तिनं हातातली फोड धडप्यावर ठेवली.

"घरी फोटो हाय एक, लग्नातला. त्यात खाली मान घालून बसलेली हाय, तोंडबी नीट दिसत न्हाई. आवाज आठवतो मला. हात आठवतेत. पण ती लांबून येताना कशी दिसायची, ते काही केल्या आठवत न्हाई. मामीला विचारलं तर मामी रडती. कुणाला विचारू?"

माणसाचं नाव टिकावं म्हणून मालनबाईंनी जन्मभर एवढा आटापिटा केला, पण हे असलं त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्या उठल्या. हात धुतले, पदरानं पुसले. पातळ घोट्याच्या जरा वर खोचलं. गच्चीच्या पार टोकाला कठड्यापाशी गेल्या, आणि डाव्या कमरेवर घागर घेतल्यासारखा हात धरून, मान थोडी उजवीकडं कलती ठेवून, भरभर पावलं टाकत आमच्याकडं यायला लागल्या. एवढी ताठ, जडशी बाई, पण ते चालणं त्यांचं नव्हतं. झपाझप, आणि प्रत्येक पावलाला खांदा किंचित पुढं.

"घागर असो की नसो, ती अशीच यायची," आमच्यापाशी पोचून धापा टाकत म्हणाल्या. "आणि गप्प कधी येत नव्हती. पार लांबून बोलायला सुरुवात. 'बाई ओ बाई, ऐकलं का,' असं. जवळ येईपर्यंत अर्धी गोष्ट सांगून झालेली असायची."

वैशालीनं गुडघे पोटाशी घेतले होते. डोळ्याची पापणी हलत नव्हती.

"परत दाखवा ना," ती म्हणाली.

मालनबाईंचे गुडघे तेव्हाच दुखायला लागले होते, जिना चढतानाही त्या कठडा धरायच्या. तरी त्या परत टोकापर्यंत गेल्या, कमरेवर हात घेतला, आणि यावेळी लांबूनच आवाज दिला, "बाई ओ बाई, ऐकलं का!"

वैशाली उठून उभी राहिली आणि समोरून चालत येणाऱ्या आईकडं बघत राहिली.